फळ्यावरचा पाचवा माणूस

अग्निशमन केंद्रात तिला सगळे ताई म्हणत. तिच्याहून दहा वर्षांनी मोठे होते तेही. वय सेहेचाळीस, बांधा ठेंगणा; बंबाच्या स्टिअरिंगमागे बसायचं तर पाठीशी उशी लागे. त्या उशीवरून आजवर इतकी थट्टा झाली होती की तिचा निम्मा कापूस त्यातच झडला असावा. पण बंब एकदा रस्त्याला लागला की थट्टा करणारेच मागे बसून पट्टे आवळत आणि म्हणत, "धरून बसा रे, ताई निघाली."

वडील मालट्रक चालवायचे. सुटीत मुलीला शेजारी बसवून लांबलांब न्यायचे, आणि ती सोळा वर्षांची झाल्यावर एका मोकळ्या मैदानात त्यांनी ट्रक तिच्या हातात दिला. आईने त्या दिवशी जो जीव मुठीत धरला तो अजून सोडलेला नाही. कॉलेज संपवून ताई अग्निशमन दलात लागली तेव्हा तिला आधी फोनवर बसवलं. बाईचा आवाज ऐकला की घाबरलेला माणूस शांत होतो, असं तिला सांगण्यात आलं. सात वर्षं तिने लोकांच्या आगी कानाने ऐकल्या. चालकाची परीक्षा ती दोनदा पास झाली आणि दोन्ही वेळा तिचे कागद गहाळ झाले. तिसऱ्या वेळी निकालाची प्रत छातीशी धरून तिने तेव्हाच्या साहेबांच्या दारातल्या बाकावर मुक्काम ठोकला. चौथ्या दिवशी साहेब वैतागून म्हणाले, "द्या हो हिला एक बंब, नाहीतर ही बाक घेऊन घरी जाईल." त्याला आता पंधरा वर्षं झाली होती.

बंब चालवणं हे चालकाचं अर्धंच काम. आगीपाशी पोचलं की तो पंपावर उभा राहतो. टाकीत पाणी किती, दाब किती, कुठला पाइप सोडायचा, कुठला आवळायचा, सगळं त्याच्या हाती. आत गेलेला माणूस नॉझल धरून असतो खरा, पण त्याच्या हातातलं पाणी बाहेर उभ्या असलेल्याच्या भरवशावर वाहतं. ताई पंपाचा आवाज ऐकूनच सांगायची की आत पाणी कसं पोचतंय. काट्याकडे बघायची ती केवळ खात्रीसाठी.

पंपाच्या शेजारी, बंबाच्या अंगाला, एक फळा टांगलेला असे. धुरात शिरताना माणसं पाठीवर हवेचा सिलिंडर आणि तोंडावर मास्क चढवत. आत जाणारा आपला पितळी बिल्ला बाहेर देऊन जाई. तो फळ्यावर टांगायचा, त्याच्यापुढे आत गेल्याची वेळ लिहायची, पंधरा मिनिटं झाली की वॉकीटॉकीवर हाक द्यायची आणि विसाव्या मिनिटाला माणूस बाहेर असायलाच हवा. सिलिंडर म्हणायला अर्ध्या तासाचा, पण अंगाने भारी माणूस ओढाताणीच्या कामात असला तर बाविसाव्या-तेविसाव्या मिनिटालाच रिकामा करतो. आतल्याला धुरात स्वतःचा हात दिसत नाही, घड्याळ कुठून दिसणार? म्हणून त्याची वेळ बाहेरचा माणूस सांभाळतो. काम साधं आणि अट एकच. फळ्यापाशी उभा असेल त्याने दुसरं काहीही करायचं नाही.

चार वर्षांपूर्वी वरच्या कार्यालयात एका कागदावर सही झाली आणि बंबावरचा पाचवा माणूस गेला. उरले चार: गाडीचा प्रमुख, आत जाणारे दोघे आणि चालक. फळा चालकाच्या गळ्यात आला. मात्र नियमांचं पुस्तक कोणी बदललं नाही. 'फळा सोडल्याचे आढळल्यास संबंधितास पंपावरून दूर करण्यात येईल', हे वाक्य त्यात होतं तसंच राहिलं. ताईने घरातलं स्वयंपाकाचं लहानसं घड्याळ आणलं आणि त्याच्या मागच्या लोहचुंबकाने पंपाच्या पत्र्यावर चिकटवलं. वीस मिनिटं लावली की वीस मिनिटांनी कलकलाट. लेक म्हणाली, "म्हणजे आता घरात दूध उतू जाणार." ताई म्हणाली, "जाऊ दे. दूध पुन्हा आणता येतं."

हे असं चालणार नाही, असं सांगायची सोय मात्र नव्हती. गणवेशातल्या माणसाने मागायचं नसतं, विनंती करायची असते. पोलीस असो, अग्निशमन असो, रुग्णवाहिकेवरचा असो, संप करायचा नाही, संघटना करायची नाही. एकेकट्याने अर्ज लिहायचा. ताईने पाचव्या माणसासाठी अकरा अर्ज लिहिले होते. अकराही परत आले आणि प्रत्येकावर एकच शेरा होता: 'पाहिले.'

मग गेल्या वर्षी कायदा बदलला. संपाची बंदी तशीच राहिली, पण गणवेशातल्यांना आपले प्रतिनिधी निवडून प्रशासनासमोर बसता येईल, आणि तिथे जे लेखी ठरेल ते दोघांवर बंधनकारक राहील, असं ठरलं. नव्वद दिवसांत ठरलं नाही तर प्रकरण लवादाकडे जाणार. केंद्राने तीन माणसं निवडली. कंट्रोल रूममधले मास्तर, जे खरे मास्तर नव्हते, पण कायद्याची कलमं पाढ्यांसारखी म्हणत. दुसरा पैलवान, बंबावरचा सगळ्यात दांडगा जवान. आणि ताई.

शेजारच्या चौकीतला हवालदार फाटकापाशी भेटला की विचारायचा, "काय ताई, कुठवर आलं?"

"तुम्ही कधी बसताय बोलायला?"

"आधी तुमची गाडी जाऊ दे. रस्ता मोकळा दिसला की आम्ही मागून निघू."

"म्हणजे नेहमीसारखंच," ताई म्हणाली.

नव्वदावा दिवस उजाडला तेव्हा बाकीची सगळी कलमं मार्गी लागली होती. उरला होता एकट्या पाचव्या माणसाचा मुद्दा.

सकाळी ताई बुटांचे बंद बांधत होती आणि आई दारात उभी होती.

"तिथे फार बोलू नकोस. बोलायला मास्तर आहेत ना?"

"आई, मला बोलायलाच बोलावलंय."

"बोलावलंय म्हणून काय मनातलं सगळं बोलायचं असतं? तुझे वडीलही असेच. तोंडाला कुलूप नाही."

नवरा चष्म्याच्या दुकानात जायच्या घाईत होता. तो हसत म्हणाला, "आई, तिला कुलूप लावलं तर किल्ली कोण सांभाळणार?" पण जाताना त्याने ताईच्या खांद्यावर हात ठेवला, तो जरा जास्तच वेळ ठेवला. लेकीची बारावी होती, घराला दोघांच्या पगाराची गरज होती आणि पंपावरून काढलेल्या चालकाची बदली कुठेही होऊ शकते, हे दोघांना माहीत होतं.

बोलणी केंद्राच्याच हॉलमध्ये ठेवली होती. त्यामागचं कारण ऐकून पैलवानाला पहिल्या दिवशी हसू आवरलं नव्हतं. ताई आणि पैलवान ड्यूटीवर, आणि त्यांच्या जागी उभं करायला माणूस नाही. माणसं कमी पडतात की नाही यावर चर्चा करायला माणसं कमी पडत होती.

टेबलाच्या पलीकडे मोठे साहेब. सगळ्या दलाचे मुख्य अधिकारी, केस पांढरे, पाठ ताठ. तेही एके काळी बंबावर होते, पण त्याला वीस वर्षं झाली होती. शेजारी प्रशासनाचे वकील, ज्यांचा आवाज कधीही चढत नसे. त्यांच्यापुढे नोंदवही होती. टेबलावर बोललेला शब्दन् शब्द तिच्यात उतरत असे आणि संध्याकाळी दोन्ही बाजू तिच्यावर सह्या करत.

"हे पाहा," वकील म्हणाले, "पगार, रजा, विमा या सेवेच्या अटी. त्यावर आपण बोललो. पण बंबावर किती माणसं पाठवायची हा प्रशासनाचा निर्णय आहे. तो बोलणीचा विषयच होऊ शकत नाही."

"किती पाठवायची ते तुम्ही ठरवा," पैलवान म्हणाला, "आणि किती परत यायची ते?"

"पैलवान," मास्तर दबक्या आवाजात म्हणाले.

"चार वर्षांत चार माणसांमुळे कोणाला इजा झाल्याचं एक तरी उदाहरण द्या. कागदावर," वकील म्हणाले.

तसा कागद मास्तरांकडे नव्हता. ताई म्हणाली, "साहेब, चारच माणसं असली की कागद लिहायलाही कोणी मोकळं नसतं." मोठे साहेब किंचित हसल्यासारखे झाले. वकिलांनी ते वाक्य नोंदवहीत लिहिलं नाही.

साडेअकराला घंटा झाली.

घंटेचा दुसरा ठोका पडेपर्यंत ताईची आणि पैलवानाची खुर्ची रिकामी होती. आगीची वर्दी होती सोफे बनवणाऱ्या कारखान्याची. तळघरात फोमचा साठा आणि तिथूनच धूर. बंब नऊ मिनिटांत पोचला. गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या. ताईने आरसे मिटून बंब आत घातला. तळघराच्या दारातून पिवळट काळा धूर नुसता ओतत होता.

पैलवान आणि त्याचा जोडीदार मौनी आत जायला तयार झाले. मौनी दिवसात चार वाक्यं बोले, त्यातली दोन जेवणाबद्दल असत. दोघांनी बिल्ले दिले. ताईने टांगले, वेळ लिहिली: अकरा बेचाळीस. घड्याळाला वीस मिनिटं लावली आणि पंप चालू केला.

आठच मिनिटांत दोघे दारात परत दिसले. मौनीच्या मास्कचा पट्टा तुटला होता, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. आत एकट्याने राहायचं नाही असा नियम, म्हणून गाडीचा प्रमुख स्वतः सिलिंडर चढवून पुढे झाला. "चल पैलवान," म्हणाला. त्याने आपला बिल्ला ताईच्या हातात टेकवला. ताईने तो टांगला, अकरा एकावन्न लिहिलं आणि घड्याळ पुन्हा वीस मिनिटांवर आणलं.

तिथेच चूक झाली. घड्याळ एक आणि वेळा दोन. प्रमुखाचा सिलिंडर नवा होता, पण पैलवानाचा अकरा बेचाळीसपासून रिकामा होत चालला होता. फळ्यावर ते लिहिलेलं होतं, ताईच्याच अक्षरात. पण फळ्याकडे बघायला तिला उसंत नव्हती, कारण त्याच वेळी पंपाचा आवाज बदलला. टाकीचं पाणी तळाला चाललं होतं.

हायड्रंट, म्हणजे बंबासाठीचा जमिनीतला नळ, गल्लीच्या तोंडाशी, पन्नास-साठ पावलांवर. पाचवा माणूस असता तर पाइप घेऊन तो केव्हाच धावला असता. मौनी दारात दुसरा पाइप धरून उभा होता, त्याला सोडवता येत नव्हतं. ताईने एकदा पंपाकडे पाहिलं, एकदा दाराकडे, आणि पाइपचं वेटोळं खांद्यावर टाकून पळाली. अकरा छप्पन्न.

हायड्रंटच्या झाकणावर कोणाची तरी मोटारसायकल होती. ती सरकवली. झाकण गंजलेलं, ते लोखंडी दांड्याने उचकटलं. चावी फिरेना; ताई तिच्यावर अख्ख्या अंगाने लटकली. शेवटी पाइप फुगला आणि सळसळत बंबाकडे धावला. एवढ्यात तिने ती शिट्टी ऐकली. लांबलचक तीन वेळा. म्हणजे आत असतील त्यांनी असतील तसं बाहेर या.

शिट्टी फळ्याजवळ टांगलेली असते आणि फळ्यापाशी तर कोणी नव्हतं.

ती धावत आली तेव्हा फळ्यासमोर मोठे साहेब उभे होते. ते आपल्या जीपने बंबानंतर थोड्या वेळाने निघाले होते आणि चार मिनिटांपूर्वी पोचल्यावर फळ्यापाशी कोणी नाही हे पाहून जुन्या सवयीने तिथे उभे राहिले होते. हातात वॉकीटॉकी, ओठांत शिट्टी, नजर पैलवानाच्या बिल्ल्यावर. त्यांनी ताईकडे पाहिलंही नाही. "बारा वाजून दोन झाले," एवढंच म्हणाले. "बेचाळीसला गेलाय. हाकेला उत्तर नाही."

ताईने पंपावर हात ठेवला. करण्यासारखं तेवढंच होतं. दारातून धूर येत होता आणि धुरातून कोणी येत नव्हतं. साहेबांनी पुन्हा शिट्टी फुंकली. एक मिनिट गेलं. ताईच्या डोक्यात पैलवानाची बायको आली, तिचे दोन जुळे आले, आणि आपल्याच अक्षरातला तो आकडा आला. दुसरं मिनिट गेलं.

मग दारात आधी प्रमुखाचं हेल्मेट दिसलं आणि त्याच्या मागे, एका हाताने त्याचा पट्टा धरून, पैलवान. त्याच्या पाठीवरची हवा संपत आल्याची बारीक शिट्टी केविलवाणी वाजत होती. मौनीने त्याचा मास्क ओढून काढला. पैलवान फूटपाथवर बसला आणि नुसता श्वास घेत राहिला.

"शिट्टी तुझ्या पाठीवर वाजत होती ना? मग निघाला का नाहीस?" साहेब ओरडले.

पैलवान खोकला, थुंकला, मग म्हणाला, "वाजत होती साहेब. पण वॉकीटॉकीवर नुसती खरखर होती; वाटलं, ताईने बोलावलं नाही म्हणजे अजून पाचेक मिनिटं असतील."

हे त्याने जराही ठपका न ठेवता सांगितलं. सरळ, जसं होतं तसं. ताईला ते कानफटात बसल्यासारखं लागलं.

मौनीने दुसरा मास्क चढवला, आणि तो आणि प्रमुख नवे सिलिंडर लावून पुन्हा आत गेले. साहेब फळ्यापाशीच उभे होते. बारा वाजून अकरा मिनिटं झाली आणि पंपाच्या पत्र्यावरचं घड्याळ कलकलायला लागलं. सगळ्यांनी वळून पाहिलं.

"हे कशाचं घड्याळ?"

"स्वयंपाकाचं, साहेब," ताई म्हणाली आणि बंद केलं.

साहेबांनी फळ्यावरच्या वेळा पाहिल्या, मग घड्याळाकडे, मग तिच्याकडे. त्यांना हिशोब कळायला दोन क्षण पुरले. त्या घड्याळावर विसंबलं असतं तर पैलवानाला या वेळी हाक गेली असती. आणखी तीन मिनिटांनी दुसऱ्या केंद्राचा बंब आला आणि त्यांनी फळा त्या प्रमुखाच्या हवाली केला.

आग आटोक्यात आली. दोन वाजता सगळे पुन्हा हॉलमध्ये बसले. ताईच्या कोपरापर्यंत काजळी होती. आत शिरायच्या आधी मास्तरांनी तिला जिन्याखाली गाठलं होतं. त्यांना पैलवानाने सगळं सांगितलं होतं.

"ताई, ऐका माझं. एक अक्षर बोलू नका. ही नोंदवही आहे, गप्पा नाहीत. तुम्ही तोंड उघडलंत की ते नियमाचं पुस्तक उघडतील. पंप जाईल तुमचा."

"आणि पाचवा माणूस?"

"लवादाकडे जाईल. वर्ष लागेल, दीड लागेल. लागू दे. साहेब गप्प आहेत, आपणही गप्प राहू."

"वर्षात किती वर्द्या होतात मास्तर?"

ताईला सकाळची आई आठवली, दारात उभी. मनातलं सगळं बोलायचं असतं का?

वकील केंद्रातच थांबले होते. त्यांना एवढंच कळलं होतं की आग विझली. नोंदवही पुढे ओढून ते म्हणाले, "सकाळी मी उदाहरण मागितलं होतं. ते आपोआपच मिळालं म्हणायचं. चार माणसांचा बंब गेला, तळघरातली आग आटोक्यात आली, कोणाला इजा नाही. मी तशी नोंद करतो. हरकत?"

पेन कागदाला टेकलं. मोठे साहेब खिडकीबाहेर पाहत होते. मास्तर टेबलाखाली ताईच्या बुटावर बूट दाबत होते.

"हरकत आहे," ताई म्हणाली. "चार नाही, पाच माणसं होती."

"पाचवं कोण?"

"सांगते. सगळं लिहा." आणि तिने सांगितलं. बेचाळीस, एकावन्न, छप्पन्न. घड्याळ कसं फिरवलं ते. घड्याळातून पैलवानाची वेळ कशी पुसली गेली ते. फळा सोडून ती कधी पळाली ते. वकिलांचं पेन मध्येच थांबलं, पुन्हा चालू झालं.

"म्हणजे चूक तुमची," ते म्हणाले.

"माझीच."

"मग प्रश्न माणसांच्या संख्येचा नाही. दक्षतेचा आहे. दक्ष चालक असता तर..."

"दक्ष चालकाने काय करायचं होतं ते सांगा," ताई म्हणाली. "पंप सोडला तर आतल्यांचं पाणी जातं. फळा सोडला तर हवा जाते. हायड्रंटला गेले नसते तर दोन्ही गेलं असतं. मी दक्षच होते वकीलसाहेब. तीन ठिकाणी दक्ष होते."

ताई मोठ्या साहेबांकडे वळली. पंधरा वर्षांत तिने त्यांना कधी प्रश्न विचारला नव्हता.

"साहेब, तुम्ही फळ्यापाशी किती वेळ होतात?"

साहेबांनी खिडकीवरून नजर काढली. "सोळा मिनिटं."

"त्या सोळा मिनिटांत दुसरं काय केलंत?"

"काही नाही."

"बस. आमची मागणी एवढीच आहे. एक माणूस, ज्याने दुसरं काही करायचं नाही."

वकिलांनी पेन खाली ठेवलं आणि साहेबांच्या कानाशी लागले. दोघे उठून बाहेर गेले. दार लागलं तसा पैलवान म्हणाला, "ताई, आता तुम्हाला फाशी होते की सत्कार होतो बघू." मास्तर कपाळ धरून बसले होते. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजले, सव्वातीन झाले.

परत आल्यावर वकीलच बोलले, आणि पहिल्यांदाच जरा मऊ आवाजात. "या निवेदनावर अजून सह्या झालेल्या नाहीत. दोन्ही बाजूंची संमती असेल तर ते नोंदीतून काढता येईल. बाईंवर काही कारवाई होणार नाही. पाचव्या माणसाचं कलम मग पुराव्याअभावी लवादाकडे जाईल. एवढंच."

"आणि ठेवलं तर?" मास्तरांनी विचारलं.

साहेब म्हणाले, "ठेवलं तर त्याच्या आधारावर मी कलमावर सही करतो. सहा महिने, या केंद्राच्या प्रत्येक बंबावर पाच माणसं. मग दोघांनी मिळून आढावा." ते थांबले. "पण मग निवेदन माझ्यासमोर येतं. आणि ते समोर आलं की मला पुस्तकाप्रमाणे वागावं लागेल. ते टाळणं माझ्या हातात नाही, ताई."

'ताई' हा शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच आला होता.

"काढून टाका," पैलवान एकदम म्हणाला. "मरायला मी टेकलो होतो ना? मग माझं ऐका. काढा ते. वर्षभर थांबू आम्ही."

ताईला लेकीची बारावी दिसली. बाकावर काढलेले चार दिवस दिसले. पंपाचा तो आवाज, जो तिच्याशिवाय कोणाला कळत नसे, तोही. तिने काजळीच्या हाताने नोंदवही स्वतःकडे ओढली. "कुठे करायची सही?"

चार वाजून वीस मिनिटांनी पाचही जणांच्या सह्या झाल्या. तिच्या सहीखाली काळा अंगठा उमटला.

घरी तिने सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "पंप नाही, म्हणजे आगीपासून लांब तरी राहशील?" नवऱ्याने दिवा मालवायच्या आधी एवढंच विचारलं, "बदली लांब असेल का?"

आदेश तिसऱ्या दिवशी आला. चौकशी होईपर्यंत पंपावरून दूर. चौकशीत शेजारी बसायला मास्तर. तेही नव्या करारातच होतं. बदली नव्हती, कारण कराराप्रमाणे या केंद्राला आता माणसं कमी पडत होती, आणि एक माणूस पंपावरून मोकळं झालेलं होतं. पंपावर दुसऱ्या केंद्रातला चालक आला. ताईला नेमणूक मिळाली पाचव्या जागेवर.

पहिली वर्दी दुसऱ्याच दिवशी दुपारी झाली. छापखान्याच्या मागची कागदाची कोठी, धूर दाट. आयुष्यात पहिल्यांदा ती बंबात मागे बसून गेली आणि प्रत्येक वळणावर तिचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत होता. पैलवान आणि मौनी बिल्ले देऊन आत शिरले. तिने टांगले, वेळ लिहिली आणि उभी राहिली. रिकाम्या हातांनी. ते हात कुठे ठेवावेत हेच तिला कळेना.

अकरा मिनिटं झाली आणि शेजारी पंपाचा आवाज बदलला.

तिला तो ताबडतोब कळला. हवा ओढतोय. नव्या चालकाला अजून कळलं नव्हतं, तो दुसरीकडचा काटा बघत होता. तीन पावलांवर ती चावी होती, अर्धा फेरा दिला की झालं. तिचं अख्खं अंग तिकडे वळायला निघालं, खांदा वळलासुद्धा.

तिने दोन्ही हात फळ्याच्या कडांवर ठेवले आणि घट्ट धरले.

"पंप हवा ओढतोय!" ती ओरडली, मान न वळवता. मागे धावपळ झाली, कोणीतरी शिवी दिली, लोखंड लोखंडावर आपटलं. आवाज सुधारला की नाही ते तिला नीट ऐकू आलं नाही, कारण ती आकडे वाचत होती. पैलवान, दोन वाजून सात. मौनी, दोन वाजून सात. पैलवान, दोन वाजून सात. दाराच्या धुराकडेही तिने पाहिलं नाही.

दोन बावीस झाले. तिने वॉकीटॉकी तोंडाशी नेला. "पैलवान, मौनी, पंधरा झाली. वळा."

खरखर झाली आणि बराच वेळ खरखरच राहिली.

"पैलवान. वळा."

"वळलो," आतून आवाज आला. "ओरडता कशाला?"

तिने खडूने बिल्ल्यांपुढे खूण केली आणि ते दारात दिसेपर्यंतची मिनिटं मोजू लागली.